अंगणाकडची खोली

दार उघडलं आणि थेक्लाला दिसलं ते अर्धंच तोंड... उरलेलं अर्धं दाढीच्या फेसाखाली होतं.

"कोण पाहिजे?" फेसातून प्रश्न आला.

थेक्लाने एकदा स्वतःकडे पाहून घेतलं. धुराडी साफ करणाऱ्यांचा काळा कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर तारेच्या ब्रशचं वेटोळं आणि नोव्हेंबरच्या पावसाने चिंब झालेली टोपी. "तुम्हाला काय वाटतं? बेकरीतून आलेय?"

"धुराडं? आज?"

"खाली दारावर आठ दिवस चिठ्ठी लावलीय. गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा."

"मी त्या दारावरच्या चिठ्ठ्या वाचत नाही हो. सगळ्या माझ्याविरुद्धच असतात," असं म्हणून तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. साधासुधा नव्हे. दाराची चौकट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकत राहिला.

खरं तर हे घर थेक्लाच्या वाट्याचंच नव्हतं. ज्याच्या हाताखाली ती काम करायची तो उस्ताद कंबर धरून अंथरुणाला खिळला होता, म्हणून स्टुटगार्टच्या या खोलगट भागातली, सहा पदरी रस्त्याला नाक लावून उभी असलेली घरं या आठवड्यात तिच्या गळ्यात पडली होती. या रस्त्यावर खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं की ते काळं होतं, आणि इथली माणसं त्याबद्दल हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तितक्या सहज बोलतात. चार जिने चढून ती आली होती ती शेगडी बघून, कागदावर सही घेऊन दहा मिनिटांत सटकायच्या बेताने.

लोरेन्झ हेबेर्ले त्याचं नाव. वय एकतीस. संगीतशाळेतल्या मुलांना घरी हॉर्न शिकवायचा, म्हणजे तो पितळेचा गोल गोल गुंडाळलेला, फुंकायला छाती लागणारा हॉर्न. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ फ्लायडरर दुपारी एक ते तीन या शांततेच्या वेळेत घड्याळ घेऊन बसायच्या. एक वाजून एक मिनिटाला एक सूर जरी निघाला, तरी झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. दारावरच्या चिठ्ठ्या त्यांच्याच.

"घर बघा, कसं बंदोबस्तात ठेवलंय," तोंड धुऊन आलेला लोरेन्झ अभिमानाने म्हणाला. त्याचं अख्खं तोंड थेक्लाला आत्ता दिसलं, आणि तिने लगेच नजर खिडकीकडे वळवली. खिडक्यांच्या कडांना रबरी पट्ट्या, पट्ट्यांवर चिकटपट्टी, दाराखाली कापडाची वळी. "सगळं मी स्वतः केलंय. रस्त्याचा एक कण आत येत नाही. नवी चिमणीही बसवलीय स्वयंपाकघरात, तळणाचा वाससुद्धा राहत नाही. बहिणीने नऊ झाडं दिलीत, हवा साफ करतात म्हणे."

"आणि संध्याकाळी ही शेगडी पेटवता?"

"हो, म्हणजे... ऊब वेगळीच असते ना हिची." हिरव्या टाइल्सच्या उंच शेगडीवर त्याने मायेने हात ठेवला.

थेक्लाने खिशातून एक बारीक मेणबत्ती काढून पेटवली आणि शेगडीच्या उघड्या तोंडाशी धरली. ज्योत आत, धुराड्याकडे झुकली. "आता ती चिमणी चालू करा."

स्वयंपाकघरात घरघर सुरू झाली आणि ज्योत डळमळली, सरळ झाली आणि हळूहळू बाहेर, थेट लोरेन्झच्या छातीकडे वळली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"तुमची चिमणी घरातली हवा बाहेर फेकते," थेक्ला म्हणाली. "तिला बदली हवा कुठून तरी पाहिजे. खिडक्या तर तुम्ही डबाबंद केल्यात. मग ती धुराड्यातून ओढते. म्हणजे रोज संध्याकाळी शेगडीचा धूर तुमच्या खोलीत येतोय. डोकं दुखतं?"

"रोज. मला वाटायचं, मुलांच्या हॉर्नमुळे."

"नशीब समजा, हेबेर्लेसाहेब, की नुसतं डोकंच दुखलं. अशा घरात माणूस रात्री झोपतो तो उठतच नाही." तिचा आवाज तिच्याही नकळत चढला. "बाहेरच्या घाणीला दार लावलंत आणि घरची घाण कोंडून घेतलीत! कमाल आहे!"

अनोळखी माणसावर आपण इतकं का तापलो, हे तिला जिन्यातही कळलं नाही. पण त्याआधी तिने शेगडीच्या दारावर सील लावलं, चिकटपट्टी ओरबाडून अंगणाकडची खिडकी सताड उघडली आणि कागदावर त्याची सही घेतली. सही करता करता तो हलकेच म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, एक तर घर सुधारा नाहीतर घर सोडा. आल्गॉयच्या डोंगरातल्या एका शाळेने बोलावलंय. तिथली हवा स्वच्छ आहे. नाताळाआधीच्या पहिल्या अॅडव्हेंट रविवारनंतरच्या सोमवारी दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मला जायचं नाहीये... माझी सगळी मुलं इथे आहेत. अठरा जण. पण सध्या मला एक सूर चौदा सेकंदांच्या वर धरता येत नाही. पूर्वी चाळीस धरायचो."

पेन परत घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. काजळीचा एक ठसा त्याच्या मधल्या बोटावर उमटला आणि त्याने तो पुसला नाही.

"चिमणीला खिडकीशी जोडलेलं बटण लावावं लागेल, ते तपासायला मला परत यावं लागेल," थेक्ला म्हणाली.

"नियमच आहे का तसा?"

"आहे."

एकदा येण्याचा नियम होता. मंगळवारी, शुक्रवारी आणि परत मंगळवारी येण्याचा मात्र कुठेही नव्हता.

काम संपलं की दुपारी दोनच्या सुमाराला ती यायची. अंगावर साधा निळा स्वेटर, पण कानामागे हटकून काजळीची एखादी रेघ राहिलेली. हातात बारीक धूळ मोजायचं छोटं मीटर, ते उस्तादाकडून मागून आणलेलं. आकडा पंधराच्या आत असला की हवा चांगली. फ्राऊ फ्लायडरर दर वेळी जिन्यात तिला गाठायच्या, कोटाचं बटण शोधायच्या आणि स्वेटर बघून हिरमुसायच्या.

"अगं, बटणं नाहीत तर आमच्या नशिबाचं काय? धुराडेवालीच्या बटणाला हात लावला की नशीब फळफळतं म्हणतात. त्याशिवाय माझी लॉटरी लागायची नाही."

"हात लावून तरी कधी लागलीय का, फ्राऊ फ्लायडरर?"

"नाही लागली. पण खारीसारखी वर चढतेस ते बघून वाटतं, वरच्याची लागणार." आणि मग मोठ्याने, "बूट पुसून जा! या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी आहे!"

वर दोघांचं काम चालायचं. चिमणीला असं बटण बसवलं की खिडकी उघडल्याशिवाय ती सुरूच होऊ नये. हवा साफ करायचं यंत्र लोरेन्झने 'दिसायला वाईट' म्हणून सोफ्यामागे पडद्यात लपवून ठेवलं होतं.

"हे इथे काय करतंय?" थेक्लाने विचारलं.

"हवा साफ."

"कोणाची? पडद्याची?" तिने ते ओढत खोलीच्या मधोमध आणलं. "आणि ही नऊ झाडं?"

"ती तरी चांगली आहेत ना?"

"बहिणीला सांगा, फार सुंदर आहेत. हवेसाठी मात्र नऊ नव्हे, नव्वद असती तरी फरक पडला नसता."

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता की फक्त माझ्याशी?"

"इतर लोक ऐकतात. त्यामुळे फार बोलावं लागत नाही."

तो हसायचा. हसताना त्याची मान जरा डावीकडे कलायची आणि मीटर वाचताना थेक्लाकडून एखादा आकडा चुकायचा. तिने त्याला शिकवलं, रस्त्याकडची खिडकी उघडायचीच नाही. अंगणाकडच्या दोन्ही उघडायच्या, पाच मिनिटं, पूर्ण सताड. सकाळी सात ते नऊ नाही, संध्याकाळी चार ते सहा नाही, कारण तेव्हा रस्ता तुंबलेला असतो. दुपारी, नाहीतर पाऊस पडून गेल्यावर. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडा झाडू मारायचा नाही. त्या पाच मिनिटांत थंडीने दोघंही कोट चढवून खिडकीशी उभे राहायचे. खाली अंगणात एक बोडकं चेरीचं झाड आणि कुणाचीतरी विसरलेली सायकल. पाऊस बारीक, जेमतेम ऐकू येणारा. पाच मिनिटांची कधी दहा व्हायची, घर गारठायचं आणि खिडकी लावायचं दोघांनाही सुचायचं नाही.

"आता सूर धरा," ती तीन वाजले की म्हणायची.

पहिल्या आठवड्यात सोळा सेकंद, दुसऱ्यात एकोणीस. तिसऱ्या शुक्रवारी सव्वीस झाले तेव्हा त्याने हॉर्न खाली ठेवला आणि तिचे दोन्ही हात धरले... आणि हे आपण काय केलं असं वाटून लगेच सोडलेही. दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. सायकल अजून तिथेच होती.

पहिल्या अॅडव्हेंटच्या रविवारी त्याने तिला चार वाजता कॉफीला बोलावलं. "मीटर आणू का?" तिने विचारलं होतं. "आणा की. घर दाखवायचंय तुम्हाला. एकदम निर्मळ."

तिने दार ढकललं तर आत... देवा रे! टेबलावर पाइनच्या डहाळ्यांची माळ, मध्ये मोठी मेणबत्ती. कपाटावर मेणबत्त्या, नऊच्या नऊ कुंड्यांच्या मधून मेणबत्त्या. खिडकीच्या कट्ट्यावर लाकडाचा छोटासा म्हातारा, तोंडातून उदाचा धूर सोडतोय. घरी केलेला लिन्झर केक, त्याच्या कडा जरा करपलेल्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, इस्त्रीचा शर्ट घातलेला लोरेन्झ, शाळेतल्या मुलाने चित्र दाखवावं तसा उभा.

थेक्लाने मीटर टेबलावर ठेवलं. आकडा चढू लागला. वीस... पंचेचाळीस... ऐंशी... एकशे दहा.

"हे... हे बाहेरच्या रस्त्यापेक्षा—"

"तिप्पट," थेक्ला म्हणाली.

लोरेन्झने कपाळाला हात लावला. "शेगडी बंद केलीत ना तुम्ही, म्हणून म्हटलं जरा ऊब यावी. तुमच्यासाठी. एकवीस मेणबत्त्या! मी गाढव आहे."

थेक्लाला हसू आवरेना. ती पोट धरून खुर्चीत बसली आणि डोळे पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की हे पाणी नुसतं हसण्याचं नाहीये. आजवर लोकांनी तिला नशीब म्हणून हात लावला होता, जिन्यात थांबवून फोटो काढले होते. तिच्यासाठी केक कुणी करपवला नव्हता. मग दोघांनी मिळून एकेक मेणबत्ती विझवली, उदवाला म्हातारा पाण्याखाली धरला, खिडक्या उघडल्या. माळेतली तेवढी एक ठेवली.

"एक चालेल?" त्याने विचारलं.

"एक चालेल."

अंधारलं होतं. तो जवळच उभा होता, इतका की त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि आता त्यात घरघर नव्हती. "फ्रॉयलाइन थेक्ला, आपण हे 'तुम्ही-तुम्ही' सोडायचं का आता?"

"ते बाईने विचारायचं असतं. अशी रीत आहे."

"मग विचारा."

"विचारते..." तिने केकचा करपलेला तुकडा उचलला. "तू हा खाणार आहेस की मीच खाऊ?"

"तू खा," तो म्हणाला, आणि ते 'तू' ऐकून तिने तो तुकडा करपलेल्या कडेसकट तोंडात टाकला.

कॉफीनंतर त्याने विषय काढलाच. "उद्या दुपारी उत्तर द्यायचंय. माझ्यापुरतं मी ठरवायला तयार आहे, पण मला माझ्या मनाचा भरवसा नाही. मला राहायचंय म्हणून सगळं चांगलंच दिसतं. तू सांग. तुझ्या वहीत काय आहे? हे घर राहण्याजोगं झालं?"

वहीत अकरा नोंदी होत्या. आजचा तमाशा सोडला तर नऊ, आठ, अकरा, दहा. एकाहून एक सरस. "झालं," असं ती म्हणणारच होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण नोंदींच्या शेजारी वेळाही होत्या. दोन वाजता. अडीच. सव्वादोन. तीन. दोन.

"उद्या सकाळी सांगते," ती म्हणाली. "कामावर जायच्या आधी येते."

ट्राममध्ये तिने वही पुन्हा उघडली. अकराच्या अकरा नोंदी दुपारच्या, अकराच्या अकरा अंगणाकडच्या खोलीतल्या, जिथे तो शिकवायचा. तो झोपायचा रस्त्याकडच्या खोलीत आणि तिथे तिने मीटर एकदाही नेलं नव्हतं. नऊ वर्षं ती हे काम करत होती. मोजताना जागा आणि वेळ आपल्या सोयीने निवडायची नाही, हे तिने शिकाऊ पोरांना शंभरदा सुनावलं होतं. आणि स्वतःच्या पाळीला? जी खोली चांगली, तीच मोजली. जी वेळ चांगली, तीच लिहिली. तिला चांगलेच आकडे हवे होते, कारण तिला तो इथे हवा होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी सकाळी सात वाजता तिने घंटा वाजवली. खाली रस्ता भरून वाहत होता. लोरेन्झने चुरगळलेल्या पायजम्यात दार उघडलं.

"तुझी झोपायची खोली बघायचीय," ती म्हणाली.

"नमस्कार तरी—"

"आधी मोजू दे."

बिछाना अजून उबदार होता. तिने मीटर उशीवर ठेवलं, जिथे त्याचं डोकं असायचं, आणि पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिली. खिडकी घट्ट बंद होती. पण खिडकीवरच्या लाकडी पेटीतून, जिच्यात शटर गुंडाळलं जातं, गार हवेची बारीक झुळूक येत होती. तिने हात धरून पाहिलं. बोटं काळी झाली. उशीवरचा आकडा अडतीसवर स्थिरावला.

"मी चुकले," थेक्ला म्हणाली. ती मीटरकडेच बघत बोलत होती. "महिनाभर मी सोयीचं मोजत आले. दुपारी, मागच्या खोलीत. इथे मोजलंच नाही. तू रोज आठ तास या हवेत झोपतोस, लोरेन्झ. ही पेटी बुजवता येईल, पण हा रस्ता असाच राहणार. डोंगरात तुझी छाती लवकर सुधारेल. तू विचारलंस ना, म्हणून सांगते... तू जा."

खाली एका ट्रकने ब्रेक दाबले.

"हे झालं हवेचं," तो म्हणाला. "आणि थेक्लाचं काय म्हणणं आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी ते वेगळं विचारतोय."

तिने मान वर केली. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला गेली तशी बोटांवरची काजळी गालभर पसरली. "थेक्लाला तू जायला नकोय. झालं समाधान? चार आठवडे नसलेल्या नियमांची नावं सांगून येतेय मी! उस्तादाचं मीटर चारदा मागितलंय. त्याला वाटतं, मी परीक्षेचा अभ्यास करतेय. मला तू आवडतोस, आणि म्हणूनच माझे आकडे खोटे निघाले. म्हणून म्हणते, जा."

लोरेन्झ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने अंगठ्याने तिच्या गालावरची काजळी पुसायचा प्रयत्न केला आणि ती आणखीच पसरवली.

"काल संध्याकाळी तू नुसतं 'झालं' म्हणाली असतीस ना, तर मी आनंदाने राहिलो असतो," तो म्हणाला. "आणि कायम खोकत बसलो असतो. मला ठेवून घ्यायलासुद्धा तू खोटं बोलली नाहीस. अशी माणसं आल्गॉयमध्ये किती मिळतील, सांग?"

"वेडेपणा करू नकोस. अडतीस आहे इथे!"

"इथे. आणि मागच्या खोलीत?"

"आत्ता? माहीत नाही."

"मग मोज ना! सोयीने नको, आत्ता मोज. सात वाजलेत, रस्ता भरलाय."

ती मीटर घेऊन अंगणाकडच्या खोलीत गेली. दार लावलं, यंत्र चालूच होतं. पाच मिनिटं दोघंही जमिनीवर पाठीला पाठ लावून बसले. वळून आकडा बघायची हिंमत दोघांनाही होत नव्हती. मग थेक्लाने बघितलं.

"बारा."

"मोठ्याने बोल."

"बारा! अरे, बारा!"

"मग मी इथे झोपतो," लोरेन्झ म्हणाला. "आणि मुलांना रस्त्याकडे शिकवतो. दुपारी, दार लावून, यंत्र लावून. रस्त्याच्या आवाजात हॉर्न वाजला तरी फ्राऊ फ्लायडररना ऐकू जायचा नाही. फेब्रुवारीत डॉक्टर छाती तपासतील. ते म्हणाले जा, तर जाईन. पण तोवर रोज सकाळी सात वाजता कुणीतरी मोजायला पाहिजे."

"रोज?"

"नियमच आहे तसा."

थेक्लाने त्याच्या चुरगळलेल्या कॉलरला धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकवले. त्याचा श्वास कोंडला. या वेळी मात्र खोकला आला नाही.

मग त्यांनी लगेच पलंग हलवायला घेतला. पलंग अक्रोडाचा, जड, आणि मधल्या दारात आडवा अडकला. लोरेन्झ आत, थेक्ला बाहेर, मध्ये पलंग. ओढावा तर निघेना, ढकलावा तर सरकेना. दोघंही पलंगाच्या दोन टोकांना हसून हसून वाकलेले. त्या गडबडीत बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं, आणि जिन्यातून फ्राऊ फ्लायडरर वर आल्या, हातात झाडू, डोक्याला जाळी.

"साडेसात वाजलेत!" त्या गरजल्या. मग त्यांनी पलंगाकडे पाहिलं, लोरेन्झच्या पायजम्याकडे पाहिलं, आणि थेक्लाच्या काजळीचाच ठसा त्याच्या गालावरही उमटलेला पाहिला. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि बाह्या सरसावल्या.

"असा नाही निघायचा तो. आधी पाय काढा त्याचे," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा आमचाही खालच्या याच दारात अडकला होता."